आसनाची शिवण

तिला खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळून दुसऱ्याच कुणाकडे तरी बघेल. लहानपणी आजोबा म्हणाले, या पोरीच्या पायाला भिंगरी बांधलीय, आणि तेव्हापासून ती भिंगरीच झाली. आता वयाची बावन्न वर्षं उलटली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर सरकत चाललाय, तरी नाव तेच आणि पायही तेच. शिवणकामासारखा बैठा धंदा हिनं कसा काय पत्करला, हे तिच्या नवऱ्याला तीस वर्षांत उमगलेलं नाही. दोन टिपा मारायच्या आणि उठायचं. पाणी पिऊन यायचं, एखाद्या पोरीच्या मशिनवर वाकून तिची शिवण ओढून बघायची, नाक मुरडायचं आणि परत येऊन दोन टिपा मारायच्या. एवढं करून संध्याकाळी सगळ्यांत जास्त कपडे हिच्याच टोपलीत. काही माणसांचे हात, पाय हलले तरच चालतात, त्याला कोण काय करणार!

पण त्या सोमवारी मालकिणीनं स्टुलावर चढून टाळी वाजवली आणि म्हणाली, "शनिवारी आपण वाफा उकरायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलंय." पोरींनी टाळ्या पिटल्या. भिंगरी हातातली टीप अर्धवट सोडून उठली. त्यानंतर ती जी फिरायला लागली ती वेगळीच. पाणी प्यायला जायची आणि ग्लास भरून तसाच ठेवून यायची.

आता हा वाफा काय, ते सांगायला हवं. कारखाना म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचा लांबट हॉल. नऊ मशिनं, कापणीचं एक मोठं टेबल, वाफेची इस्त्री, आणि मागच्या दारी छोटंसं अंगण. ओल धरली की भिंतींना अजून शाईचा वास येतो. मालकीण पस्तिशीची. चांगली पंख्याखालची नोकरी सोडून तिनं हे काढलं, बायकांचे कपडे, आणि तेही असे की त्यात प्लॅस्टिकचा कण नको. कापड सेंद्रिय कापसाचं. रंग सालींचे आणि पानांचे. बटणं करवंटीची. कमरेला इलॅस्टिक नाही, नाडी. नवीन गिऱ्हाईक आलं की मालकीण शिवणीतला दोरा काढून काडी लावून दाखवायची. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि चिमूटभर राख उरते, प्लॅस्टिकचा असला तर वितळून टोकाला कडक मणी धरतो. "आमचा कपडा जुना झाला की मातीत पुरा," ती सांगायची, "माती खाऊन टाकेल. काही मागे राहणार नाही."

भिंगरीला सुरुवातीला ही सगळी थेरं वाटली होती. आधीच्या कारखान्यात वीस वर्षं तिनं चकचकीत कापड शिवलं होतं आणि मानेवर कायमचं पुरळ वागवलं होतं. इथे आल्यावर चार महिन्यांत पुरळ गेलं, तेव्हा तिचं मत बदललं. शिवाय मालकीण तिला 'मावशी' म्हणायची आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. भिंगरीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस डोळ्यात थेंब घालायला हीच पोर घरी येत होती. म्हणून तर सगळा घोळ झाला. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याला फसवणं सोपं असतं, आणि फसवल्यावर झोपही लागते.

तर पाच महिन्यांपूर्वी मालकिणीनं मागच्या अंगणात एक वाफा केला आणि टोपलीतली एक नवी कोरी पॅन्ट उचलून सगळ्यांसमोर पुरली. पॅन्ट भिंगरीनं शिवलेली होती. आणि त्या पॅन्टीत प्लॅस्टिक होतं. भिंगरीच्या हिशेबी हे दोघांनाच ठाऊक होतं, एक तिला आणि एक मातीला.

गोष्ट सुरू झाली दोन वर्षांपूर्वी, एका सिस्टरमुळे. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स, उंच, मोठ्या हाडाची, आवाज असा की आजारी माणूस घाबरून बरा व्हावा. एक दिवस ती दुपारी कारखान्यात आली आणि घडी केलेली पॅन्ट टेबलावर ठेवली. आसनाची शिवण, म्हणजे दोन पायांच्या मधली, पुढून मागे जाणारी, वीतभर उसवली होती. ती पेशंटला उचलायला वाकली आणि भर वॉर्डात, डॉक्टरांसमोर, पेशंटच्या तिन्ही मुलांसमोर टर्रकन आवाज झाला. सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तो वॉर्ड हलवणारा आवाज त्या दिवशी अगदी खाली गेला होता. ती म्हणाली, "मला पैसे परत नकोत. मला परत वाकता आलं पाहिजे."

त्या रात्री जेवताना भिंगरीच्या कानात तेच वाक्य. दुसऱ्या दिवशी तिनं मालकिणीला सांगितलं, "मॅडम, आसनाला सुती दोरा टिकत नाही. तिथे ताण फार." मालकीण म्हणाली, "दुहेरी टीप मारा ना मावशी." दुहेरी मारली. तीन महिन्यांनी आणखी दोन पॅन्टी उसवून आल्या. तिनं परत सांगितलं. मालकीण त्या दिवशी गडबडीत होती. ती म्हणाली, "दोरा बदलायचा नाही, बाकी काहीही करा." मग भिंगरीनं बाकी काहीही केलं. डब्याच्या पिशवीत एक रीळ आणायला लागली, पॉलिएस्टरचं, रंग हुबेहूब तोच. "आसन माझ्याकडे ठेवा गं, तुमचे हात कच्चे आहेत," असं सांगून तिनं सगळ्या पॅन्टींची तेवढी एक शिवण स्वतःकडे घेतली. बाकी सगळं सुती. फक्त आसन पक्क्या दोऱ्याचं. सिस्टरची पॅन्टही तिनं परत मागवून तशीच शिवून दिली. त्यानंतर एकही पॅन्ट उसवून आली नाही. गिऱ्हाइकासमोर काडी लावायची वेळ आली की भिंगरी लगबगीनं पुढे व्हायची आणि बाजूच्या शिवणीतला दोरा काढून द्यायची.

तिला वाटायचं, आपण बायकांची लाज राखतोय. खोटं नव्हतंच ते. पण काडी विझली की बोटांना चटका बसल्यासारखं व्हायचं आणि ती उठून उगाच खिडक्या लावायची.

मंगळवारी रात्री नवऱ्यानं तिला पकडलं. तो निवृत्त पोस्टमन, जन्मभर चालून झालंय, आता खुर्चीतून हलत नाही. "तिसऱ्यांदा तोच डबा पुसतेयस," तो म्हणाला. "काय बिघडलंय ते सांग, नाहीतर निदान डबा तरी खाली ठेव."

तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक की मालकिणीला."

"सांगून टाक म्हणे! तुमचं काय जातंय? ती पोर जगभर सांगत सुटलीय, टाकासुद्धा उरत नाही म्हणून. आणि मी काय सांगू, टाकाच तेवढा उरेल?"

"उरेल का खरंच?"

"तुम्ही-मी जाऊ, तो उरेल," भिंगरी म्हणाली आणि चौथ्यांदा डबा पुसायला घेतला.

बुधवार आणि गुरुवार तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. दहादा मालकिणीच्या टेबलापर्यंत गेली आणि दहादा वेगळंच काहीतरी विचारून आली. सुया संपत आल्यात. इस्त्रीचं पाणी गळतंय. मालकीण आमंत्रणाच्या यादीतून मान वर न करता म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा बसा हो. तुम्हाला बघून मलाच दम लागतो."

शुक्रवारी सकाळी सातला भिंगरीनं कारखान्याचं कुलूप उघडलं. चावी तिच्याकडेच असायची, सगळ्यांच्या आधी येणारी तीच. मागच्या अंगणात जाऊन तिनं खुरप्यानं वाफा उकरायला घेतला. माती भुसभुशीत, काळी झाली होती. वीतभर खाली कापडाचे कण लागले, बोटात धरताच विरघळणारे. नाडी नाही. खिसे नाहीत. बाजूच्या शिवणी नाहीत. मालकीण म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं आणि भिंगरीला क्षणभर तिचा अभिमानच वाटला. मग खुरप्याला काहीतरी अडकलं.

तिनं ते हळूहळू ओढून काढलं. एक लांब वाकडी रेघ, दुहेरी टिपेची, पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत. भोवतालची पॅन्ट नव्हती, नुसती शिवण होती. चिखल झटकला तर खाली काल मारल्यासारखी पांढरी. टाके मोजून घ्यावेत इतके सरळ. भिंगरीला आपल्या हाताची करामत बघून लाज वाटली, अशी तिची आयुष्यात पहिलीच वेळ. तिनं ती शिवण गुंडाळून सुयांच्या पत्र्याच्या डबीत कोंबली आणि माती सारखी केली.

"काय शोधताय?" मागून आवाज आला. कापणीचे मास्तर चहाचा कप घेऊन दारात उभे होते. साठी ओलांडलेला माणूस, बोलणं कापडासारखंच मोजून.

"गांडुळं," भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. "घरी कुंडीत घालायला."

"मिळाली?"

"एक मिळालं."

मास्तरांनी एक घोट घेतला. "बरंच लांब असेल," ते म्हणाले आणि आत गेले.

 भिंगरी वाफ्याच्या कडेला बसली. पण किती वेळ बसणार? लगेच उठून तिनं अख्खं अंगण झाडून काढलं.

शनिवारी चाळीसेक बायका आल्या. कुणी पोरं कडेवर घेऊन, कुणी मैत्रिणीला घेऊन. सिस्टरही आली होती, तीच दुरुस्त केलेली पॅन्ट घालून. मालकिणीनं बाह्या सारून स्वतः उकरायला घेतलं. माती निघाली, आणखी माती निघाली, कापडाचे काळे पडलेले कण निघाले. शेवटी तिनं दोन्ही हातांनी मूठभर माती उचलून सगळ्यांना दाखवली. तिचे डोळे भरून आले होते. "टाकासुद्धा राहिला नाही," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. भिंगरी मागच्या दारात उभी होती आणि खिशातली डबी मांडीला टोचत होती.

सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, म्हणजे तिच्या नेहमीच्या आवाजात, "दोन वर्षं ही घालून मी माणसं उचलतेय. साधा सुती दोरा, पण या मावशींचा हात बघा!" सगळ्या माना भिंगरीकडे वळल्या. तिनं ओढूनताणून हसू आणलं. आता संपलंच होतं म्हणायचं. पाच मिनिटं कळ काढली असती तर माणसं चहाकडे वळली असती आणि ती डबी नदीत गेली असती.

तेवढ्यात गर्दीतून एक बारकीशी बाई पुढे आली. बोटांवर सुयांचे काळे ठिपके, म्हणजे आपल्यातलीच. ती म्हणाली, "ताई, आमचा पण बायकांचा शिवणाचा गट आहे, असंच सेंद्रिय कापड शिवतो. आमचं आसन उसवतं हो. नऊ महिने झाले. वेगवेगळे टाके घालून बघितले, टीप बारीक केली, सगळं केलं. बाकीच्या म्हणतात माझ्याच हातात दोष आहे. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. तुम्ही सुती दोऱ्यानं कसं टिकवता, तेवढं शिकवाल का? मी बसनं आलेय त्यासाठी."

मालकिणीसमोर भिंगरीनं दोन वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं. गिऱ्हाइकांसमोर घातलं होतं. पण या बाईच्या बोटांकडे बघून तिला ते जमेना. आपल्या खोटेपणापायी एक शिवणारी बाई स्वतःच्या हातांना नावं ठेवतेय, हे तिला सहन होण्यातलं नव्हतं.

"तुझ्या हातात दोष नाही," ती म्हणाली. "सुती दोऱ्यानं मलाही टिकवता येत नाही. कुणाचंच टिकत नाही." आणि तिनं डबी उघडून ती शिवण दाराशेजारच्या टेबलावर टाकली.

कुणाला आधी कळलंच नाही ते काय आहे. मग भिंगरीनंच काडी ओढली आणि एक टोक पेटवलं. ते आक्रसलं, त्यानं काळा धूर सोडला आणि टोकाला कडक मणी धरला. हा खेळ इथल्या सगळ्या बायकांनी कधी ना कधी पाहिला होता, तेव्हा पुढचं सांगायची गरज पडली नाही. सिस्टरनं नकळत आपल्या पॅन्टीवरून मागे हात फिरवला.

"हो, त्यातही आहे," भिंगरी म्हणाली. "सगळ्या पॅन्टींत आहे. मॅडमना ठाऊक नव्हतं. काल सकाळी मीच हे उकरून काढलं."

मालकीण पांढरी पडली. पण पोर खमकी. तिनं तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं, ज्यांच्याकडे आमच्या पॅन्टी आहेत त्यांनी परत आणाव्यात, आम्ही आसन उसवून नव्यानं शिवून देऊ. काही बायका तोंड वाकडं करून गेल्या. एक म्हणाली, मला चालतंय बाई, मी नाही देणार, माझी टिकलीय. बारकी बाई तेवढी जाता जाता भिंगरीचा हात दाबून गेली आणि त्यानंच भिंगरीला रडू फुटलं.

हॉल रिकामा झाल्यावर मालकीण म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं होतं."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं होतं."

"तिसऱ्यांदा ऐकलं असतंत?"

मालकिणीनं तो काळा मणी नखानं खरवडून बघितला. "माहीत नाही," ती म्हणाली. इथे ती खोटं बोलली असती तर भिंगरीला तिचा राग तरी धरता आला असता. "चावी ठेवून जा, मावशी. सोमवारी या. पण चावी ठेवून जा."

सोमवारी भिंगरी सवयीनं सातलाच पोचली आणि बंद दारासमोर पाऊण तास येरझारा घालत राहिली. काढून टाकलं असतं तर इतकं लागलं नसतं.

पॅन्टी यायला लागल्या. पहिल्या आठवड्यात चाळीस, मग रोज पाच-सहा. भिंगरी ब्लेडनं एकेक टाका उसवत बसली, स्वतःचाच, स्वतः पक्का केलेला. ते झालं सोपं. पुढे काय? लिननचा दोरा आणला, त्याला मेण लावलं, मशिनऐवजी हातानं उलटी टीप मारली. सुतीपेक्षा बरा, पण जोरानं ताणला की कापडच फाटायला बघायचं. ती उठायची, फिरायची, परत बसायची. तीन दिवस मास्तर टेबलापलीकडून हे बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी कात्री ठेवली.

"दोऱ्याच्या मागे लागू नका," ते म्हणाले. "दोष माझ्या कापाचा आहे. वाकायला जागाच ठेवलेली नाही. तिथे एक कळी लागते, चौकोनी तुकडा, हाताच्या पंजाएवढा. मग शिवणीवर ताणच येत नाही."

भिंगरीनं हातातली सुई खाली ठेवली. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. मॅडम म्हणायच्या कापड वाया जायला नको, एका ताग्यात जास्त पॅन्टी निघाल्या पाहिजेत. कळी वाचवली की दोन जास्त निघायच्या." त्यांनी चष्मा पुसला. "आणि तुमची डब्याची पिशवीही मला पहिल्यापासून ठाऊक होती. उसवून येणं थांबलं, मीही गप्प बसलो. तुमच्या दोऱ्यानं माझा काप झाकला."

ती त्यांना काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालकीण आतून ऐकत होती आणि तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बोलून झाल्यावर भिंगरी म्हणाली, "कापा कळी."

दोन दिवसांनी सिस्टर ड्यूटीवरून परस्पर आली. कळी घातलेली, मेणाच्या लिननच्या दोऱ्यानं हातानं शिवलेली पहिली पॅन्ट तिचीच होती. ती पडद्यामागे जाऊन घालून आली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मालकिणीनं सगळी मशिनं बंद करायला सांगितली. त्या हॉलमध्ये इतकी शांतता छापखाना बंद पडला त्या दिवशीच झाली असेल.

"उचला," भिंगरी म्हणाली.

कापडाचा अख्खा तागा जमिनीवर आडवा ठेवला होता, माणसाएवढा. सिस्टर पाय फाकवून खाली वाकली. भिंगरीनं डोळे मिटले आणि नुसते कान ठेवले. तागा वर गेला. आवाज आला नाही. तागा खाली आला. तरी आवाज आला नाही. पोरींनी श्वास सोडला, मालकीण हसली, आणि सिस्टर तिच्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "टिकलं की हो मावशी!"

भिंगरी गुडघ्यांवर बसली होती, तिच्या मागे, शिवणीला डोळा लावून. एका बोटानं तिनं कळीचे चारही कोपरे चाचपले. दोरा होता तिथेच होता. तरी ती उठेना, आणि तिला उठवायची हिंमत कुणाची झाली नाही.

"परत एकदा वाका," ती म्हणाली.